एका खिळ्याची परवानगी

राजेंद्र वाळूजच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होता. खिळे, स्क्रू, बोल्ट, वॉशर, सगळं त्याच्या हातून वाटलं जायचं. चोवीस वर्षांत त्यानं वाटलेले खिळे एका रांगेत ठोकले असते, तर ती रांग त्याच्या गावी, पाचोडला जाऊन, आठवडी बाजार करून परत आली असती. स्वतःच्या घरात मात्र त्यानं एकही खिळा ठोकला नव्हता, कारण घर कधी स्वतःचं नव्हतंच.

चोवीस वर्षांत नऊ घरं झाली. सुरुवात बजाजनगरला. करार अकरा महिन्यांचा; दोन-तीनदा वाढवून मिळायचा, आणि मग नेमकं मालकाच्या पुतण्याचं लग्न ठरायचं. काही घरं तर राजेंद्रचं आडनाव ऐकताच 'कालच गेली' व्हायची. जी मिळाली, त्यांच्या मालकांचं एका गोष्टीवर एकमत होतं: भिंतीला खिळा ठोकायचा नाही. मग सगळा संसार टेकवून ठेवलेला. बुद्ध आणि बाबासाहेब मांडणीवर. घड्याळ कपाटावर उताणं, वेळ बघायला स्टुलावर चढायचं. आणि त्याच्या बायकोचा, रत्नमालाचा आरसा खिडकीच्या कट्ट्यावर. कट्टा कमरेएवढा. त्यामुळं लग्नात मामानं दिलेल्या त्या आरशापुढं रत्नमाला रोज सकाळी कमरेत वाकून टिकली लावायची.

"अहो, एकदा उभ्यानं तोंड बघू द्या की मला," ती म्हणायची.

"पुढच्या घरात," राजेंद्र म्हणायचा. हे उत्तर त्याला आठ घरं पुरलं.

नववं घर शहराच्याच कडेला, डोंगराखालच्या सातारा परिसरात, घरमालकीण मनकर्णाबाईंच्या वरच्या मजल्यावर. खिडकीत अख्खा डोंगर. मनकर्णाबाई मूळच्या लासूर स्टेशनच्या. नवरा गेल्यापासून त्यांचा सगळा जीव या घरात. भाडेकरू निघून गेला की त्या भिंतींवरून तळहात फिरवायच्या, गाईच्या पाठीवरून फिरवावा तसा. पहिल्याच दिवशी त्यांनी रत्नमालाला बजावलं, "पोरी, भांडी आपट, नवऱ्याला आपट, पण माझ्या भिंतीला भोक नाय पाडायचं." रत्नमाला पोट धरून हसली. दोघींचं तिथंच जमलं. टँकर आला की जी घरात असेल ती दुसरीचे ड्रम भरून ठेवायची. पण खिळा नाय म्हणजे नाय.

श्रावणात रत्नमालाला कावीळ झाली आणि पोळ्याच्या आत ती गेली. जालन्याला दिलेली लेक आली, आईचा फोटो फ्रेम करून ठेवून गेली. फोटो कुठं ठेवणार? कट्ट्यावर, आरशाला टेकवून.

महिन्याभरानं एका दुपारी डोंगराकडून वारा सुटला. वर खाडकन आवाज झाला. दुखरे गुडघे विसरून मनकर्णाबाई जिना चढून दारात हजर.

"ठोकलास व्हय रे खिळा? ती असतानी हिंमत नव्हती, आन् आता..."

राजेंद्र फरशीवर बसून फ्रेमच्या काचा वेचत होता. मांडीवर फोटो होता.

"नाय मावशी. पडली ती."

मनकर्णाबाई तशाच खाली गेल्या. आता दहावं घर शोधायचं, राजेंद्रच्या मनात आलं. त्या परत आल्या तेव्हा एका हातात हातोडी होती, दुसऱ्या हातात खिळा.

"एकच हाय. ठोक."

"दोन इंची," राजेंद्र सवयीनं म्हणाला आणि नुसताच उभा राहिला. "मावशी, मला ठोकता येत नाही."

"मंग कारखान्यात काय करतो?"

"देतो. सही घेऊन."

मनकर्णाबाईंना हसू फुटलं, आणि हसता हसता त्यांनी पदर डोळ्यांना लावला. "आण इकडं. किती उंचावर?"

"तिला नीट दिसेल असा." राजेंद्रनं हात खांद्यापाशी नेला, मग हनुवटीपाशी, मग परत खाली. इतक्या वर्षांत त्यानं तिला शेजारी उभी करून कधी पाहिलंच नव्हतं.

"माझ्याएवढीच होती. तिचं झंपर मला व्हायचं," मनकर्णाबाई म्हणाल्या आणि भिंतीला पाठ लावून ताठ उभ्या राहिल्या. "कर खूण."

त्यानं त्यांच्या डोक्याशी पेन्सिलीची रेघ ओढली. त्यांनी चार घाव घातले. वीतभर पोपडा खाली आला. तो त्यांनी पायानं बाजूला सारला. राजेंद्रनं कट्ट्यावरून आरसा उचलला आणि खिळ्याला अडकवला.

"आरं, खिळा फोटोसाठी दिलाय!"

"फोटो कुठंही बसेल मावशी. तिला उभ्यानं बघायचं होतं."

मनकर्णाबाईंनी तिरका लागलेला आरसा सरळ केला. "घर सोडशील तवा आरसा ने," त्या म्हणाल्या. "खिळा राहू दे."

फोटो आता खिडकीच्या गजाला सुतळीनं बांधलेला असतो, मागं डोंगर. राजेंद्र उंच आहे. रोज सकाळी दाढीला त्याला गुडघ्यात वाकावं लागतं. काचेवर वरच्या बाजूला रत्नमालानं चिकटवलेली एक टिकली अजून आहे. नीट समोर वाकलं की ती बरोबर त्याच्या कपाळावर येते. मग तो जरा बाजूला सरकतो आणि कानाखालची दाढी करतो.