मावशीची पाठ आणि माझा पाय

पायाळू मुलीला मेडिकलला घालू नये. मी त्यातलीच. जन्माला येताना आधी पाय बाहेर काढले, डोकं मागाहून आलं, आणि पुढेही ते मागाहूनच येत राहिलं. आमच्याकडे कुणाच्या पाठीत चमक भरली की पायाळू माणसाचा पाय लावतात. सक्करदऱ्याला मावशीकडे राहायची तेव्हा सकाळी अंगणात कुणीतरी पाठ धरून उभंच असायचं.

मेडिकलला गेले आणि माझ्या अंगात विज्ञान शिरलं. "ही अंधश्रद्धा आहे," असं त्या वाकलेल्या माणसांना ऐकवून परत पाठवायची. मोठी शहाणी! अॅनाटॉमीच्या तोंडी परीक्षेत मात्र एकदा आपटले होते, तेही पाठीच्या खोल स्नायूंवर. बाबांनी गावाहून बजावलं होतं, या खेपेला नापास झालीस तर बोचकं बांधून घरी ये.

त्या उन्हाळ्यात गारव्यासाठी दाराला लावलेल्या खसच्या ताटीवर बादलीनं पाणी मारताना मावशीचीच पाठ धरली. ती सतरंजीवर पालथी, मी शेजारी पुस्तक घोकत.

"लाव वं पाय."

"मावशी, त्यानं काही होत नाही. स्नायू आखडलाय तुझा."

"कोणता?"

मी घाईघाईनं पुस्तकाची पानं उलटायला लागले.

"सांगता येत नाही, अन् मले शिकवून राहिली! तुले पाठ पाहिजे, मले पाय पाहिजे. मंग काहून भांडून राहिली?"

सौदा पटला. मी कोळशानं तिच्या पाठीवर उभ्या रेघा ओढल्या. कण्याला चिकटून स्पायनॅलिस, त्याच्या बाहेर थेट डोक्यापर्यंत चढणारा लाँगिसिमस, कडेला बरगड्यांना धरून इलिओकोस्टॅलिस. रोज त्या रेघांवरून अलगद पायाचा अंगठा फिरवायचा आणि नावं म्हणायची. नावं मावशीला काय कळणार! पण मी अडखळले की पाय थांबायचा, आणि खालून हुकूम यायचा, "पुन्हा!"

परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक होते. त्यांनी मणक्यांची माळ माझ्यापुढे सरकवली आणि विचारलं, "कण्याशेजारचे उभे स्नायू सांगा. बाहेरून आत."

डोकं कोरं. उजवा पाय मात्र चपलेतून निघून टेबलाखाली फरशीवर सरकायला लागला. कड, मध, कणा. त्याच्या मागोमाग नावं तोंडात आली.

सर वाकून टेबलाखाली बघायला लागले. "खाली काय लिहून आणलंय?"

"काही नाही सर. मी पायाळू आहे."

हे मी का बोलले, देव जाणे. सर सावकाश सरळ झाले, पुढचे दोन प्रश्न आणखी खोलातले विचारले, आणि दोन्ही वेळा उत्तराआधी माझ्या पायाकडे बघितलं.

पास झाले. मावशी तोवर टुणटुणीत झाली होती. ती आराम केल्यानं बरी झाली, असं मी अजून म्हणते. तिनं ते कधी ऐकलं नाही. पेढे वाटताना ती गल्लीभर सांगत होती, "पोरगी नाही वं, माही पाठ पास झाली! आता पोट दाबून पाहाले शिकवतेत म्हणे. थे मी देत नाही बाप्पा!"