दवाखान्याच्या पानावरची करडी अक्षरं

आज ड्रॉवर आवरताना बाबांच्या चष्म्याची डबी हाताला लागली आणि माझ्याच कामाची शिसारी पुन्हा वर आली. आमच्या शहरातल्या अलीगंज भागातल्या एका डोळ्यांच्या दवाखान्याची वेबसाइट मी केली होती. तिथले मालक म्हणाले होते, "मॅडम, ज़रा क्लासी रखिए," म्हणून मी पांढऱ्यावर फिकट करडी, केसासारखी बारीक अक्षरं टाकली. ऑफिसात पडदे ओढून, भल्यामोठ्या स्क्रीनवर आम्ही ती पाहिली. आमच्यात तिशी ओलांडलेलं कुणी नव्हतं, सगळे वाहवा करून मोकळे झालो. पुढे बाबांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन त्याच दवाखान्यात झालं. वाचायचा नवा चष्मा आला त्या सकाळी विकास नगरच्या आमच्या गच्चीत थंडीतलं ऊन पसरलं होतं, खालून भाजक्या शेंगांचा वास येत होता. आयुष्यभर रेल्वेचे नकाशे वाचलेले बाबा म्हणाले, "पेपर राहू दे, आधी तुझं काम दाखव." मी मोबाइलवर ते पान उघडून दिलं. त्यांनी मोबाइल लांब धरला, जवळ आणला, उन्हाकडे पाठ केली, चष्म्याची काच बाहीने पुसली. मग हळूच म्हणाले, "ऑपरेशन फसलं वाटतं गं." चूक माझी आहे, एवढं सांगायला किती वेळ लागला असता? मी म्हटलं, "दिसेल हळूहळू, बाबा." त्या दिवशी त्यांनी पेपर उघडलाच नाही. आणि मी? नव्या गिऱ्हाइकाला नमुना म्हणून अजूनही तेच पान आधी दाखवते.