निळा की तांबडा

डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कशावरही विश्वास न ठेवणारा माणूस अख्ख्या खानदेशात एकच असेल, आणि तो नेमका माझ्याच नशिबी पीएच.डी.चा मार्गदर्शक म्हणून यावा, याला काय म्हणायचं! अमक्याच्या मुलीचं लग्न ठरलं असं कुणी सांगितलं, तर आमचे सर विचारणार, "कुंकू लावताना तुम्ही स्वतः होतात का तिथं?" दूधवाल्यानं दूध चांगलं आहे अशी शपथ घेतली, तर त्याच्यासमोरच वाटीभर दुधात आयोडीनचे थेंब टाकून ते निळं पडतंय का बघणार. सरांच्या घरी काकूंनी एकदा विचारलं, पुरणपोळी बरी झाली का, तर म्हणाले, "एका पोळीवरून सांगता येत नाही. अजून दोन वाढ." या एका तपासणीला मात्र काकूंनी कधी नावं ठेवली नाहीत.

जळगावातल्या आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत औषधी गुण असू शकतील असे नवे रेणू बनवायचे, ते शुद्ध करायचे, त्यांची रचना सिद्ध करायची आणि मग ते जंतूंवर चालतात का ते पाहायचं, असं आमचं काम. तिथं "झालं" या शब्दाला बंदी होती. संयुग तयार झालं असं म्हणायचा अधिकार फक्त स्फटिकांना. चंबूच्या तळाशी चिकट तेल घेऊन कुणी विद्यार्थी नाचत आला की सर चष्मा कपाळावर चढवायचे आणि म्हणायचे, "हाई तेल शे. माले स्फटिक दाखाड." एरवी सर शुद्ध बोलत, पण रागात किंवा आनंदात असले की थेट अहिराणीवर येत, त्यामुळे आम्ही त्यांची भाषा ऐकूनच वारा कुठला आहे ते ओळखायचो. आणि खरेच स्फटिक पडले, तर कपाटातला पत्र्याचा डबा निघायचा. त्यात खडीसाखर. ज्याचे स्फटिक त्यानं दोन्ही तळहात जोडून पुढे करायचे आणि सरांनी त्यावर एकच खडा ठेवायचा. शाबासकी नाही, भाषण नाही. सोळा वेळा मी तो खडा खाल्ला होता आणि दरवेळी मला परीक्षेत पहिली आल्यासारखं वाटलं होतं.

माझं घोडं अडलं ते अगदी शेवटी. मेअखेर सर निवृत्त होणार होते. त्याआधी त्यांची सही झाली नाही, तर नवा मार्गदर्शक, नवे कागद आणि किमान एक वर्ष पाण्यात. अमळनेरच्या एका कॉलेजात मी आठ वर्षं तासिका तत्त्वावर शिकवत होते, आणि तिथल्या कायम जागेची मुलाखत जूनमध्ये होती. प्रबंध सादर केल्याचा कागद नाही, तर मुलाखत नाही. एवढं सगळं एका सहीवर टांगलेलं, आणि अशा वेळी मला दुर्बुद्धी सुचली. माझी सोळाच्या सोळा संयुगं ज्या एका रेणूवर उभी होती, त्याचा वर्णपट, म्हणजे रचना ओळखण्यासाठी यंत्रानं काढलेला आलेख, मी पुन्हा निरखून पाहिला.

तो रेणू सरांचा. तरुणपणी त्यांनी तो बनवला, त्यावर लेख लिहिला आणि त्याच लेखावर त्यांचं नाव झालं. पाच अणूंचं एक कडं, त्यात दोन नायट्रोजन शेजारी शेजारी, आणि कड्याला लटकलेला एक गट. तो गट एका बाजूला असू शकतो किंवा दुसऱ्या. वजन तेच, अणू तेच. म्हणजे नथ तीच, फक्त डाव्या नाकपुडीत की उजव्या, एवढाच सवाल. सरांनी लेखात लिहिलं होतं डावी. माझ्या वर्णपटातलं एक शिखर जरासं सरकलेलं होतं, आणि ते मला सारखं म्हणत होतं, उजवी.

तीन दिवस मी गप्प बसले. खोटं कशाला बोलू, गप्पच राहायचं असं ठरवलं होतं. पण सरांसमोर बसून गप्प राहणं म्हणजे काय असतं ते त्यांचे विद्यार्थीच जाणोत. चौथ्या दिवशी मी सांगून टाकलं आणि लगेच घायकुतीला येऊन म्हणाले, "सर, बारीकसं आहे. एवढ्याशासाठी कोण बघतंय? सही करून टाका ना."

सरांनी चष्मा कपाळावर चढवून तो वर्णपट डोळ्यांजवळ धरला. मग शांतपणे, अगदी शुद्ध भाषेत म्हणाले, "प्रबंधाच्या दोन प्रती छाप. निळ्या बांधणीत माझी रचना, तांबड्या बांधणीत तुझी. स्फटिक सांगेल त्या प्रतीवर सही होईल."

माझ्या सोळा संयुगांचे स्फटिक पिठासारखे बारीक, ते इथं उपयोगाचे नव्हते. मूळ रेणूचाच एक मोठा, निखळ स्फटिक मिळाला असता तर क्ष-किरणांनी त्याचा फोटो काढून नथ कुठे आहे ते सरळ दिसलं असतं. पण हा पठ्ठ्या वितळायचा चाळीस अंशांना, आणि आमची खोली मे महिन्यात त्रेचाळीस! सरांनी तो पूर्वी हिवाळ्यात बनवला होता, तेव्हा त्याची भुकटी पडली होती. आता नुसतं तेल. काचेच्या कांडीनं चंबू आतून खरवडला, शेजारी बर्फाची लादी ठेवली, सगळं करून झालं. फ्रीजमध्ये ठेवावं तर दिवसातून तीनदा लाइट जायची, आणि लाइट असली की फ्रीजच्या थरथरीनं पुन्हा भुकटीच. मी कॅलेंडरवर मे महिन्याची एकेक तारीख खोडत होते.

तोडगा सरांनाच सुचला. "पोरी, या उन्हात अख्ख्या जळगावात थंड आणि शांत कोण राहतं? केळी!" रफिकभाई म्हणून त्यांचा एक जुना विद्यार्थी केळीचा व्यापार करायचा. त्याच्या केळी पिकवायच्या बंद खोल्यांमध्ये दिवसरात्र सतरा अंश तापमान आणि जनरेटरची सोय. आम्ही चंबू डब्यात ठेवून रिक्षानं तिकडे नेला. वाटेत प्रत्येक गतिरोधकाला सर रिक्षावाल्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणत, "हळू रे भाऊ, आत पेशंट आहे." कोपऱ्यातल्या वरच्या फळीवर, केळीच्या क्रेटांच्या मागे, चंबू विराजमान झाला. मी घाबरत विचारलं, केळी पिकवायच्या गॅसनं आपल्या रेणूला काही होणार नाही ना? सर म्हणाले, "त्याला केळ्यात रस आहे. आपल्याला तो ओळखतसुद्धा नाही."

मग एक नाटकच सुरू झालं. सकाळ-संध्याकाळ खोलीची हवा बदलायला दार उघडायचे, तेवढ्या दहा मिनिटांत सर आत जाऊन बघून येणार. आतल्या गारठ्याला त्यांचा खोकला उसळायचा, म्हणून काकूंनी अट घातली होती. परिणामी मे महिन्यात, बाहेर डांबर मऊ झालेलं असताना, सर घरूनच स्वेटर आणि कानटोपी घालून निघायचे. गल्लीतल्या बायका काकूंना हळूच विचारायच्या, "अक्का, सरांची तब्येत बरी आहे ना?" इकडे रफिकभाईंनी हमालांना ताकीद दिलेली, क्रेट आपटायचे नाहीत. पण तेही रोज विचारत, "सर, माझी केळी चार दिवसांत पिकते. तुमचं हे कधी पिकणार?"

सर कानटोपी सारखी करून आत जायचे. मला कळत होतं, ते स्वतःच्याच विरुद्ध साक्षीदार वाढवत होते. आणि मी, लाज वाटते सांगायला, रोज देवाला म्हणत होते की काहीही कर, पण हा स्फटिक एकदाचा पड.

सहाव्या दिवशी सकाळी सर बाहेर आले ते कानटोपी हातात घेऊन. "दखनं का," पाहिलंस का, एवढंच म्हणाले. चंबूच्या तळाशी तांदळाएवढा एक स्फटिक होता, स्वच्छ, कडा धारदार. मी दोन्ही तळहात पुढे केले. सरांनी मान हलवली. "आज नाही. आधी फोटो."

तो स्फटिक थर्मासमध्ये बर्फावर ठेवून मी स्वतः रेल्वेनं मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत नेऊन दिला. उत्तर मेलवर येणार होतं. एक दिवस गेला, दोन गेले, आणि उजाडला एकतीस मे. दुपारी सरांचा निरोप समारंभ. पंखे गरगरत होते, मी पहिल्या रांगेत, मांडीवर पिशवी, पिशवीत निळा प्रबंध आणि तांबडा प्रबंध. शाल झाली, श्रीफळ झालं, प्राचार्य बोलायला उभे राहिले. "सरांनी शोधलेला तो रेणू," ते म्हणाले, "म्हणजे आपल्या कॉलेजच्या मुकुटातला मणी!" टाळ्या पडल्या, आणि माझा मोबाइल थरथरला.

मेल उघडला. चित्र होतं. कडं, दोन नायट्रोजन आणि लटकलेला तो गट. उजवीकडे.

माझं खरं ठरलं होतं, आणि मला रडू फुटत होतं. वर मंचावर सर शाल सावरत थेट माझ्याकडे बघत होते. समारंभ होईपर्यंत थांबावं, त्यांना एवढा दिवस तरी साजरा करू द्यावा, असं मनात आलं. पण त्यांनी डोळ्यांनीच विचारलं. मी पिशवीत हात घातला आणि तांबडा प्रबंध वर काढून मांडीवर ठेवला.

सरांनी मान डोलावली. प्राचार्यांचं भाषण संपल्यावर ते उत्तराला उभे राहिले आणि म्हणाले, "प्राचार्य साहेबांनी आत्ता ज्या रेणूचं कौतुक केलं, त्याची रचना मी चुकीची लिहिली होती. हे दहा मिनिटांपूर्वी सिद्ध झालंय. सिद्ध करणारी पोरगी समोर बसली शे. ये वं पोरी, पेन आन." मी मंचावर गेले. त्यांनी श्रीफळ बाजूला सारून टेबलावर प्रबंध उघडला आणि सही केली. मग खिशातून कागदाची पुडी काढली आणि माझ्या तळहातावर खडीसाखरेचा खडा ठेवला. मी पुडीतला दुसरा उचलून त्यांना देऊ लागले, तर हात मागे घेतला. "माझी चूक अजून छापलेलीच आहे. ती दुरुस्त होऊ दे."

मुलाखत झाली, जागा मिळाली. सर धुळ्याला मुलीच्या घराजवळ राहायला गेले. तो जुना लेख ज्या मासिकात आला होता, त्याला त्यांनी निवृत्तीच्या दुसऱ्याच दिवशी पत्र लिहिलं होतं. दिवाळीनंतर कधीतरी ती दुरुस्ती छापून आली, पुरत्या सहा ओळी. मी पान छापून घेतलं आणि अमळनेरहून एस.टी.नं धुळ्याला गेले. सर ओट्यावर बसले होते, बरेच वाळले होते. त्यांनी चष्मा पुसून त्या सहा ओळी दोनदा वाचल्या आणि मग माझ्याकडे न बघता दोन्ही तळहात जोडून पुढे केले.

मी त्यावर खडा ठेवला. सरांनी तो तोंडात टाकला, जरा वेळ गालात धरून ठेवला आणि म्हणाले, "झालं."