चपला काढ, केस वर बांध

"चपला काढ."

सिस्टर हे अगदी प्रेमाने म्हणाली. म्हणून मला आधी नीट कळलंच नाही.

मी तिसरीत होते. नगर जिल्ह्यातल्या आमच्या गावात मिशनची शाळा होती. वर्ष संपताना तिथे पाहुणे यायचे. गोरे पाहुणे, शाळेला मदत पाठवणारे. अंगण शेणाने सारवलेलं, वर रंगीत कागदाच्या पताका. आम्ही मुली रांगेत उभ्या. बहुतेकींचे पाय उघडे. माझ्या पायात चपला होत्या. तांबड्या पट्ट्याच्या, नव्याकोऱ्या. वडिलांनी आठवडी बाजारातून आणलेल्या.

"आत ठेव त्या. फोटो काढणार आहेत."

काढल्या. चर्चच्या मागच्या खोलीत कपाटाखाली ठेवल्या. परत आले तर सिस्टरने मला रांगेतून पुढे घेतलं. वाकली, माझा घोटा धरला आणि पाय थोडा पुढे सरकवला. धुळीने भरलेला पाय नीट दिसावा म्हणून. मग एक गोरी बाई माझ्यासमोर खाली बसली आणि तिने माझ्या पायांत बूट घातले. कॅमेरा वाजला. बाईचे डोळे भरून आले. टाळ्या. मला पाठ करून घेतलेलं "थँक यू, मॅडम" मी म्हटलं.

बूट मोठे होते. चालताना टाच बाहेर यायची.

कार्यक्रम संपला, मी घरी निघाले. पायात ते बूट, हातात माझ्या चपला. आमची वस्ती गावाच्या खालच्या अंगाला. महारवाडा. पणजोबांनी बाप्तिस्मा घेतला, नावं बदलली. पाणवठा बदलला नाही. गावातून जाताना माझी आजी चपला काढून हातात घ्यायची. वरच्या आळीसमोरून आमच्या माणसांनी पायात काही घालून जायचं नाही, हा तिथला रिवाज. म्हणून वडिलांनी चपला आणल्या तेव्हा एवढंच सांगितलं होतं, "ह्या पायात घालायच्या. हातात न्हाई."

वडील वेशीपाशी भेटले. त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं. बुटांकडे पाहिलंसुद्धा नाही.

"हातात का गं?"

ते पुढे चालू लागले. मी मागून फटक फटक वाजत गेले.

मुलांनो, हे तुम्हाला आज लिहिते आहे, त्याला कारण आहे. तुमच्या आत्याने तुम्हाला दोह्याहून फोनवर सांगितलं की आज्जीने तिच्या लेकीच्या, जुईच्या शाळेत तमाशा केला. तुम्ही कॅनडात बसून हसला असाल. आज्जी तशी शिस्तीची बाई, टिफिनचे डबेसुद्धा आकारमानाने लावणारी, ती तमाशा कसा करेल? म्हणून माझी बाजू क्रमाने सांगते. इंग्रजीत लिहिणं मला सोपं गेलं असतं, जन्मभर इंग्रजीच शिकवलं. पण इंग्रजीत लिहिलं की मी शाळेच्या रिपोर्टसारखं गुळगुळीत लिहिते. हे गुळगुळीत नको आहे. बाबांकडून वाचून घ्या.

आणखी एक आधीच सांगते. पुढे मला बोर्डिंगात त्याच सिस्टरांनी पाठवलं. त्यांच्यामुळे मी बी.ए., बी.एड. झाले. त्याचे उपकार मी मानते. चपलांचे मानत नाही.

जुईची शाळाही कॅथलिक मंडळींचीच, अल दुहैलच्या बाजूला. फाटकावर क्रूस नाही, इथे तसा लावत नाहीत. आत मात्र सकाळची प्रार्थना असते, संतांच्या गोष्टी असतात, आणि भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं की आपण सगळे एक कुटुंब. अशी अक्षरं दिसली की मी आधी त्यांच्याखाली कोण उभं आहे ते बघते. सवय आहे.

जुई तिसरीत. तिला कमी ऐकू येतं, दोन्ही कानांत मशीन आहे. जांभळी. रंग तिनेच निवडला. रोज पोनी बांधून जाते, मशीन सगळ्यांना दिसते, त्याचं ना तिला काही, ना वर्गाला. सारा नावाची मैत्रीण आहे, तिच्याशी सकाळी कट्टी असते आणि मधल्या सुट्टीत गट्टी.

वर्षाच्या शेवटी शाळेत 'वन फॅमिली डे' होता. तिसरीच्या मुलांनी एक प्रार्थना म्हणायची, प्रत्येकाने एक ओळ. जुईची ओळ होती, "अँड देअर इज अ प्लेस फॉर मी."

तिला 'स' कमी ऐकू येतो. म्हणून तोंडातून तो निसटतो. मी तिला सांगितलं, तळहात तोंडासमोर धर. वारा लागला की 'स' आला. मग घरभर हेच सुरू झालं. ब्रश करताना, जेवताना, लिफ्टमध्ये. हात तोंडासमोर, "प्लेस, प्लेस." लिफ्टमधला फिलिपिनो शेजारी रोज विचारायचा, आज वारा आहे का. मजल्यावरचे सगळे तिच्या ओळीची वाट बघत होते म्हणा ना.

मग ग्रुपवर मेसेज आला. मुलींनी पांढरा फ्रॉक घालायचा, केस मोकळे, वर फुलांचा बँड. थोड्या वेळाने आत्याच्या फोनवर वेगळा मेसेज. जुईसाठी केस वर बांधून उंच अंबाडा. बँड नको.

"हिलाच का?" मी विचारलं.

"आई, उकडतंय किती. अंबाडा बरा."

"बाकीच्या मुलींना उकडत नाही?"

"झालं तुझं सुरू. तुला ना, प्रत्येक गोष्टीत काहीतरी दिसतं."

"दिसतं म्हणून विचारते."

"खलास, आई. उद्या माझी मॉर्निंग ड्युटी आहे."

तुमची आत्या नर्स आहे, दिवसभर उभी असते. तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. पण मला झोप लागेना. हिलाच का?

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी मी जुईला आणायला लवकर गेले आणि हॉलमध्ये मागे बसले. तालीम चालली होती. मुलांच्या दोन रांगा. जुई रांगेत नव्हती. ती पुढे होती, एकटी, हातात हृदयाच्या आकाराचं पुठ्ठ्याचं कार्ड धरून. त्यावर लिहिलेलं, 'आय बिलाँग'. प्रार्थना सुरू झाली. तिची ओळ आली. ती दुसऱ्याच मुलीने म्हटली. जुईचे ओठ हलले, मी पाहिलं.

मग तिथली एक बाई पुढे आली. जुईसारख्या मुलांना वर्गात सामावून घ्यायचं काम बघणारी कोऑर्डिनेटर मिस. गोव्याची, पन्नाशीची, बोलायला फार गोड. तिने जुईची हनुवटी दोन बोटांनी धरली आणि तोंड हलकेच एका बाजूला वळवलं. कान प्रेक्षकांकडे.

"थोडा साइड में, बेटा. येस. परफेक्ट."

खुर्चीखाली माझा पाय मागे सरला होता. मला ते नंतर कळलं.

मी उठून स्टेजपाशी गेले. मिस हसली. "आंटी! जुई इज अवर स्टार." उद्या प्रमुख पाहुणे येणार, कार्यक्रमाला मदत करणाऱ्या कंपनीचे मोठे साहेब. ते जुईला धाडसाचं बक्षीस देणार. फोटो होणार.

"तिची ओळ?"

"लाइन मिस हो गई तो बेचारी को बुरा लगेगा ना. वी आर प्रोटेक्टिंग हर."

"तालमीत एकदा तरी चुकली का?"

"नो, नो. पर उस दिन टेन्शन होता है."

"आणि केस?"

तिने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. "पिक्चर में दिखना चाहिए ना, आंटी. लोगों को समझना चाहिए." मग एकदम आपलेपणाने, "आप लोग वसई के हो?"

"नगर जिल्ह्याचे."

"ओह."

हा 'ओह' माझ्या ओळखीचा आहे. नगरचे कॅथलिक म्हणजे महारवाड्यातले, हे आपल्यातल्या आपल्यात सगळ्यांना ठाऊक असतं. कदाचित तो नुसताच 'ओह' असेल. तुमची आत्या तेच म्हणते. असेल. मी खात्री देत नाही. पण त्यानंतर ती मला आपण गरिबांसाठी किती करतो ते सांगू लागली, एवढं मात्र खरं.

आम्हाला ने-आण करणारे दाऊदभाई रत्नागिरीचे. गाडीत बसल्यावर जुईने विचारलं, "आज्जी, व्हॉट इज करेज?"

"धाडस."

"पण मी काय केलं?"

दाऊदभाईंनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी बाहेर बघत राहिले. वेशीपाशी वडिलांनीही असंच विचारलं होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे आत्याने जुईचा अंबाडा घातला. ताठ, उंच, भरपूर पिना लावून. ती ड्युटीवर गेली, तिथून परस्पर येणार होती. मी जुईला घेऊन शाळेत गेले. वर्गात सगळ्या मुली मोकळे केस, पांढरी फुलं, आरशापुढे ढकलाढकली. सारा म्हणाली, "जुई, व्हेअर इज युअर बँड?" जुई माझ्याकडे बघू लागली.

मी तिला बाजूला घेतलं. "तुला काय हवंय?"

"आय वॉन्ट माय लाइन."

फूल मागितलं नाही, बँड मागितला नाही. ओळ मागितली.

मी मिसला गाठलं. या वेळी माझ्या चांगल्या, बी.ए. इंग्रजीत बोलले, म्हणजे वसई-नगर यात वेळ जायला नको. म्हटलं, जुई रांगेत उभी राहील आणि तिची ओळ म्हणेल. बक्षीस नको.

"आंटी, यू आर बीइंग टू सेन्सिटिव्ह. इन अवर स्कूल वी आर ऑल वन."

"मग एका रांगेत उभं करा."

ती हसायची थांबली. आता बदलता येणार नाही म्हणाली. साहेबांना सांगून झालंय. ओळ दुसऱ्या मुलीला दिलीय, तिचे आईवडील आलेत.

मी वर्गात परत आले. जुईपुढे बसले, तिला माझे ओठ दिसतील असं. सगळं सरळ सांगितलं. ओळ देत नाहीत. पुढे उभी राहिलीस तर बक्षीस देतील, टाळ्या वाजवतील. नको असेल तर घरी जाऊ. तू ठरव.

मग तिने डोक्याला हात लावला. एक पिन काढली, माझ्या हातात दिली. दुसरी काढली. एकेक करून सगळ्या. केस खांद्यांवर पडले.

"लेट्स गो," ती म्हणाली.

आम्ही गाड्यांच्या आवारापर्यंत पोचलो तेव्हा मागे स्पीकरवर तिचं नाव घेतलं गेलं. टाळ्या सुरू झाल्या. जुई इथे माझ्याजवळ होती, तरी टाळ्या वाजतच होत्या.

"काय म्हणतायत?" तिने विचारलं.

"तुझं नाव घेतायत. जायचंय?"

"रांगेत उभं करतील?"

"नाही."

ती गाडीत बसली.

दाऊदभाई म्हणाले, "काय मावशी, लवकर खलास?" तेवढ्यात आत्या आली, ड्युटीच्या कपड्यांतच, धावत. मोकळ्या केसांची जुई पाहिली आणि तिला सगळं कळलं. "आई, पुढच्या वर्षी हिची सीट ठेवतील का? मशीन बघून किती शाळांनी नाही म्हटलं, विसरलीस?" मी विसरले नव्हते. ती गाडीला टेकून रडली. तिचं भय खोटं नाही. इथे आपल्या पायाखाली सगळं दुसऱ्याचं आहे, नोकरी, घर, व्हिसा. ती म्हणाली, "तू इन्शाल्ला म्हणून सोडून का देत नाहीस?" मी म्हटलं, माझ्या आजीने सोडून दिलं, मी सोडून दिलं. आता जुईची पाळी का?

प्रशस्तिपत्र नंतर दप्तरातून घरी आलं. 'फॉर करेज.' सोनेरी काठ. मी ते फाडलं नाही. एक ओळ लिहून परत पाठवलं: हिने कोणतं धाडस केलं ते कृपया लिहून कळवावं. उत्तर आलेलं नाही. फोन केला, तर गैरसमज झाला म्हणाले. कुणाचा, ते सांगितलं नाही.

त्या दिवसापासून जुई तळहात तोंडासमोर धरत नाही. लिफ्टमधल्या शेजाऱ्याने विचारलं, वारा आहे का, तर खाली बघते. तिने जे केलं ते बरोबर केलं, असं मी तिला सांगते. पण तिची ओळ तिच्याकडून घेतली गेली, ती मी परत दिलेली नाही. हे तुम्हाला गोड करून सांगणार नाही.

तुमच्या नावाच्या टाळ्या वाजतील तेव्हा आधी रांगेकडे बघा. तुम्ही रांगेत आहात का, की तुम्हाला पुढे काढलंय? काढलं असेल, तर का, ते विचारा. संशयी म्हणतील. म्हणू देत.

सुट्टी संपून शाळा उघडेल त्या सकाळी मी फाटकाशी उभी असेन. आत्याने नको म्हटलं तरी. जुईची जागा रांगेत आहे आणि ओळ तिची आहे, हे मुख्याध्यापकांकडून ऐकल्याशिवाय मी तिथून हलणार नाही. सीट नाही म्हणाले, तर तेही सगळ्यांसमोर म्हणायला लावीन.

पायात चपला असतील. साध्याच. पण पायात.