सदाफुलीचा पाला आणि जिनिंगचा फोन

कुठल्याही प्रयोगशाळेत दोन गोष्टी आपोआप साठत जातात. एक म्हणजे तळाशी काहीतरी चिकटलेल्या बाटल्या. त्या कुणी धूत नाही आणि फेकतही नाही. दुसरी म्हणजे किस्से. जळगावच्या ज्या कॉलेजात एम.एस्सी. होऊन मी संशोधनाला लागले, तिथल्या वनस्पतीशास्त्राच्या लॅबमध्ये बाटल्या जास्त होत्या की किस्से, ते मला आजही सांगता येणार नाही.

त्यातला माझा किस्सा सुरू होतो तो सदाफुलीच्या वाफ्यापासून.

लॅबच्या मागे आम्ही सदाफुलीची एक रांग लावली होती. एका सकाळी गेले तर रांगेचा खालचा अर्धा भाग ओकाबोका. देठ न मोडता, फांदी न ओरबाडता एकेक पान खालून वर खुडत नेलेलं, आणि शेंड्याची पानं, फुलं जिथल्या तिथे. मी दचकून दोन पावलं मागे आले. (मी दचकतेच. लॅबमधली माझी जोडीदार सुनंदा म्हणायची, हिच्यासमोर कॅलेंडरचं पान उलटायचं तरी आधी सांगून उलटावं.)

आमचे शिपाई नाना म्हणाले, शेळी असेल. माझे मार्गदर्शक चौधरी सर चष्मा पुसत बाहेर आले, वाकून पाहिलं आणि म्हणाले, "शेळी सदाफुलीला तोंड लावत नाही. आणि लावलंच, तर इतकी शिस्तीत खात नाही."

एवढं बोलून ते आत गेले. मी दिवसभर त्या उघड्या देठांकडे बघत राहिले.

* * *

आता जरा मागे जायला हवं, म्हणजे आम्ही करत काय होतो ते कळेल.

सदाफुलीतून निघालेली औषधं रक्ताच्या कॅन्सरवर वापरात होती, हे तेव्हा पुस्तकात आलेलं होतं. सरांच्या डोक्यात असं, की सातपुड्यात अजून कितीतरी झाडं कुणी तपासलेलीच नाहीत. पाला आणायचा, सावलीत वाळवायचा, अर्क काढायचा आणि तो जिवंत पेशींना मारतो का ते बघायचं. सदाफुली फक्त तुलनेसाठी.

मोठ्या शहरांतल्या संस्था हे कॅन्सरच्या पेशी वाढवून बघायच्या. आमच्याकडे साधा फ्रीज होता, तोही सरांच्या ताकासाठी अर्धा राखीव. म्हणून आम्ही कोळंबीच्या जातीतले इवले खाऱ्या पाण्यातले जीव वापरायचो. त्यांची अंडी मुंबईहून पुडीत यायची. मिठाच्या पाण्यात टाकून वर दिवा लावला की दीड-दोन दिवसांत पिल्लं पोहायला लागायची. त्यात अर्काचे थेंब टाकायचे, आणि दुसऱ्या दिवशी मेली किती, जगली किती, ते भिंगातून मोजायचं. गरिबाची पहिली चाचणी.

मे महिन्यात सुनंदाने एका नव्या पाल्याची चाचणी लावली. दुसऱ्या दिवशी सगळी पिल्लं मेलेली. तिने सरांना बोलावलं, सर धावत आले. त्यांनी शेजारची नळी उचलली. तिच्यात अर्क नव्हताच, नुसतं मिठाचं पाणी होतं. त्यातलीही सगळी मेलेली. रात्री लाइट गेली होती, पंखा बंद, आणि खोलीची भट्टी झालेली.

सुनंदा शांतपणे म्हणाली, "सर, पेपर लिहू या. जळगावच्या उन्हात कॅन्सरविरोधी गुण आढळले."

* * *

पावसाळ्यात सरांनी कॉलेजच्या एका कार्यक्रमात या कामावर भाषण दिलं. त्यात दर तीन वाक्यांनंतर "हे अजून औषध नाही" असं वाक्य होतं. गावातल्या एका वर्तमानपत्राने तेवढी वाक्यं गाळून बाकीचं भाषण छापलं.

तिसऱ्या दिवशी लॅबसमोर माणसं. एरंडोलची, पारोळ्याची, चोपड्याची. हातात एक्स-रे, डोळ्यांत आशा. सर प्रत्येकाला खुर्ची देऊन समजावायचे, चांगल्या डॉक्टरचा पत्ता द्यायचे. त्यात सकाळची दुपार व्हायची. शेवटी नानांनी पांढऱ्या ऑइलपेंटने बोर्ड रंगवला : येथे कॅन्सरवर औषध मिळत नाही.

दुसऱ्या दिवशी गर्दी दुप्पट. एक धोतरवाले आबा बोर्डाखाली पाय रोवून उभे राहिले आणि नानांना म्हणाले, "औषध नही, तं बोर्ड कसाले लावा?" म्हणजे, औषध नाही तर बोर्ड लावला कशाला?

सरांनी बोर्ड काढायला लावला. बोर्ड काढला म्हणजे आता मिळायला लागलं, अशी बातमी त्याच संध्याकाळी एसटी स्टँडपर्यंत पोहोचली!

* * *

त्या आठवड्यात आमच्या घरी अक्का आलेली होती. अक्का म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. शिरपूरकडच्या गावात राहायची. काका, म्हणजे तिचे यजमान, गेल्यावर एकटीने कापसाची शेती बघायची, मुलगा सुरतला नोकरीला. आली होती डोळे दाखवायला, पण डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं नाव काढत नव्हती. वडिलांनी चहा पिताना तिला ती बातमी मोठ्याने वाचून दाखवली होती, भाचीचं कौतुक म्हणून.

सदाफुलीची पानं गेली त्याच संध्याकाळी मी घरी आले तर स्वयंपाकघरातून वास आला. कडवट, हिरवा, अगदी ओळखीचा. लॅबचा वास घरात! माझ्या हातातला डबा पडला. गॅसवर पातेलं उकळत होतं, आणि बाजूला अक्का पदर खोचून उभी.

"घाबरी गयी का व माय?" ती म्हणाली. हा तिचा मला नेहमीचा प्रश्न.

मी पातेल्यात बघितलं आणि विचारलं, कॉलेजातला पाला तूच आणलास का. आमचं घर कॉलेजच्या कुंपणाला लागूनच होतं. ती जराही ओशाळली नाही. बठ्ठा, म्हणजे सगळा, नाही आणला म्हणाली, शेंडे राखलेत. कापूस वेचणारी बाई, खालून वर खुडत गेली होती. खालचं आधी तयार होतं, हा तिचा हिशेब.

मग तिने पातेलं उतरवलं, हात पुसले आणि डोळ्यांचं निमित्त करून खरी कशासाठी आली ते सांगितलं. "गाठ शे," डाव्या छातीकडे न बघता ती म्हणाली. "सुपारीएवढी. दुखस नही."

मी बघू का, असं विचारलं. तिने पदर आणखी घट्ट ओढून घेतला. काका गेल्यापासून अंगाला कुणाचा हात लागलेला नाही, आणि आता या वयात लागायचा नाही, असं तिने मला सांगून टाकलं. मला कळून चुकलं, की अक्काला गाठीपेक्षा डॉक्टरच्या हाताची भीती जास्त आहे. काढ्याला हात लावावा लागत नाही. म्हणून काढा.

* * *

मी तिला दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये नेलं. सर शहरी मराठीत भाषण देणार अशी माझी खात्री होती. पण ते अमळनेरकडचे. अक्काला खुर्ची देऊन समोर स्टुलावर बसले आणि एकदम अहिराणीतच बोलू लागले. आम्ही त्यांना तसं बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

"अक्का," ते म्हणाले, "कपाशीना झाडले सदरा लागस का?"

अक्का हसली. झाडाला कुठे सदरा लागतो!

मग सरांनी विचारलं, बोंडापासून सदऱ्यापर्यंत काय काय लागतं. अक्काने बोटांवर सांगितलं : वेचणी, जिनिंग, सूत, माग, शिंपी. सर म्हणाले, या पाल्याचंही तसंच. गाडाभर पाल्यातून चिमूटभर औषध निघतं, ते मोजून शिरेतून देतात, आणि तेही सगळ्या गाठींवर चालत नाही. नुसता पाला उकळून प्यालात तर गाठ तिथेच राहील आणि रक्त मात्र बिघडेल. मग डॉक्टर ऑपरेशनही करायचा नाही.

घरी जाऊन तिने सगळा काढा मोरीत ओतला. मी सुटकेचा श्वास सोडणार, तेवढ्यात म्हणाली, काढा सोडला याचा अर्थ डॉक्टरकडे येते असा नाही.

* * *

तरी मी तिला धुळ्याला नेलंच. तिथे एक सर्जन होते, मुंबईला शिकून आलेले. लेडी सर्जन आख्ख्या धुळ्यात नव्हती. त्यांनी विचारपूस केली आणि तपासायला हात पुढे केला मात्र, अक्का टेबलावरून उतरली, चपला घातल्या आणि चालू लागली. मी तिला फाटकाबाहेर रसवंतीपाशी गाठलं.

शेवटी पडदा लावला. पडद्याआड नर्स तपासणार, बाहेरून डॉक्टर विचारणार. कडक आहे का, सरकते का, काखेत काही लागतं का. डॉक्टर स्टुलावर बसून पडद्याशी बोलत होते. ते झाल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं.

"नर्सच्या हाताने तपासलं इथवर ठीक," ते म्हणाले. "नर्सच्या हाताने कापता येत नाही."

मी सरांच्या कपाटातल्या एका लेखाची झेरॉक्स पर्समधून काढली. परदेशात आता गाठ लहान असेल तर सगळा स्तन काढत नाहीत, गाठ आणि तिच्या भोवतालचा थोडा भाग काढतात, काखेतल्या गाठी तपासतात आणि नंतर किरणांचा शेक देतात, असं त्यात होतं. डॉक्टरांनी लेख वाचलेला होता. हिच्या बाबतीत तसं करता येईल म्हणाले, शेक मुंबईला घ्यावा लागेल. "पण आत्ताच करता येईल. गाठ वाढली तर मग तो रस्ता बंद." आणि पुढच्या आठवड्यापासून ते स्वतः काही महिने मुंबईला शिकायला जाणार होते. गुरुवारी ऑपरेशन, बुधवारी दुपारपर्यंत भरती, असं ठरलं. म्हणजे डॉक्टरांनी ठरवलं. अक्का फक्त "पाहू" म्हणाली आणि शिरपूरच्या गाडीत बसली.

* * *

आता फोनचं सांगते. अक्काच्या गावात एकच फोन होता, कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंग कारखान्याच्या ऑफिसात. तिथे बसायचे मुनीम बापू. एका वादळात त्या फोनमधून ठिणगी उडून बापू खुर्चीसकट मागे पडले होते, आणि हे अक्काने दारातून पाहिलं होतं. तेव्हापासून तिने त्या यंत्राला हात लावलेला नव्हता. एरवी उभ्या पिकातला साप काठीने बाजूला करणारी बाई!

तिचा फोन आला की ती उंबऱ्यापाशी उभी राहायची, तिथून ओरडून बोलायची आणि बापू ते आम्हाला सांगायचे. आमचं बोलणं बापू तिला ओरडून सांगायचे. त्यामुळे आमच्या घरातली प्रत्येक गोष्ट जिनिंगमधल्या हमालांना आमच्या आधी माहीत. माझ्या एम.एस्सी.च्या निकालाचे पेढे मागायला तिथले तीन हमाल जळगावपर्यंत आले होते.

म्हणून ऑपरेशनचं मी फोनवर कधी काढलंच नाही. तिची गाठ तिने गावात कुणाला सांगितली नव्हती.

* * *

बुधवारी मी पहिल्या गाडीने धुळ्याला पोहोचले. शिरपूरहून येणारी सकाळची गाडी आली, अक्का नाही. दुसरी आली. त्यातून एक वरात उतरली, अक्का नाही. तिसऱ्या गाडीच्या कंडक्टरला मी हिरवं लुगडं, कपाळावर गोंदण असं वर्णन सांगितलं. तो म्हणाला, ताई, गाडीतल्या निम्म्या बाया तशाच असतात.

दुपारी मी हॉस्पिटलमध्ये परत आले. डॉक्टर म्हणाले, चारपर्यंत कॉट ठेवतो, मग दुसरा पेशंट आहे. त्यांच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे मला जास्त भीती वाटली.

समोरच्या एसटीडी बूथमध्ये शिरले. काचेचं दार मागे धाडकन लागलं आणि मी दचकले. जिनिंगचा नंबर फिरवला. घंटी वाजत राहिली. बापू नाहीत. त्या दिवशी गावचा बाजार असतो, हे मला तेव्हा आठवलं. बापू बाजारात, हमाल बाजारात, जिनिंग ओस. फोन आपोआप कटला. पुन्हा फिरवला. पुन्हा घंटी. बूथवाला काचेतून माझ्याकडे बघायला लागला. मी मनात वाक्यं जुळवत होते. बापू आले तर त्यांना काय सांगायचं? ओरडून? सगळ्या गावाला ऐकू जाईल असं?

तिसऱ्यांदा फिरवला. घंटी इतका वेळ वाजली, की मी ऐकणंच सोडून दिलं होतं. मग खट्ट झालं. पलीकडे कुणीतरी रिसीव्हर उचलला होता, आणि बोलत नव्हतं. नुसता श्वास, धापा टाकल्यासारखा. मी "बापू? बापू?" करत राहिले.

"बापू नही," अक्काचा आवाज आला. थेट तिचा, मध्ये कुणी नाही. "मी शे."

मी रिसीव्हर दोन्ही हातांनी कानाशी धरला.

"घाबरी गयी का व माय?" ती म्हणाली. मग, जणू मी उंबऱ्यापाशी उभी असावी इतक्या मोठ्याने : "फोनले हात लावा मी. आते त्या डॉक्टरले सांग, तू बी हात लाव."