वन्संची प्रश्नावली

आमच्या वन्संच्या प्रश्नांतून सुटलेला माणूस त्या काळी अख्ख्या जयपुरात सापडला नसता. वन्सं म्हणजे ह्यांची थोरली मावसबहीण. राहायला बनी पार्कात आणि कॉलेजात समाजशास्त्र शिकवायच्या. ह्यांची बँकेतून मालवीय नगरला बदली झाली तेव्हा आमचं सामान सुटायच्या आत त्या पाहणीच्या फॉर्मांचं बाड घेऊन दारात हजर. भाजीवाल्या भैयाला भावाआधी गाव विचारायच्या. माझ्या हळदीकुंकवाला तर कहरच केला. वाण घेतलं आणि सगळ्या बायकांपुढे म्हणाल्या, "सुनंदा, कमलाचा कप खिडकीत वेगळा का गं?" मी घाईघाईने पुढच्या बाईला कुंकू लावायला वळले. त्यांनी शांतपणे लिहून घेतलं, 'उत्तर नाही.'

कमला माझी कामवाली. नाल्यापलीकडच्या वस्तीत राहायची. तिथून रुंद रस्ता जायचा होता आणि वस्ती गावाबाहेर हलवायची होती. "रस्त्याला नेहमी ह्याच जातींची घरं कशी आडवी येतात?" असं विचारत वन्सं वर्षभर दारोदार फिरल्या. अहवाल लिहिला की कचेरीत देण्याआधी ज्यांच्याबद्दल आहे त्यांना वाचून दाखवायचा, हा त्यांचा हट्ट. शिवाय कॉलनीवाल्यांनी त्याच सतरंजीवर बसून तो ऐकायचा! लोक टाळाटाळ करू लागले. मी मात्र घरचीच, मला पळवाट नव्हती. वन्संनी वाचलं, "सार्वजनिक नळ हे स्त्रियांच्या स्नेहसंवादाचे केंद्र आहे." बायका खो खो हसल्या. कमला उठून म्हणाली, "मैडमजी, वहाँ तो बाल खींचते हैं!" वन्संनी सगळ्यांसमोर ते वाक्य खोडलं आणि पोरीसारख्या खूश झाल्या. मलाही त्या दिवशी फार मजा आली, हे कबूल करते.

कचेरीतल्या साहेबांनी वन्संना चहा पाजला आणि अहवाल ठेवून घेतला. रस्ता झालाच. ट्रक आले त्या सकाळी वन्सं रिकाम्या हाताने आल्या आणि कुणाला काही विचारलं नाही. कमलानेच विचारलं, "मैडमजी, उधर भी आओगे ना?"

इतक्या लांबून कमलाला माझं काम जमेना. वन्सं मात्र दर रविवारी दोन बस बदलून तिकडे जायच्या. परतताना आमच्याकडे डोकावून सांगायच्या, "कमला तुझी चौकशी करत होती." दर वेळी मी म्हणायची, "पुढच्या रविवारी मीही येते, वन्सं." आमची बदली होईपर्यंत तो रविवार काही आला नाही.