रांजणात घुमलेला धवला

रिकामा रांजण धुताना ओला मातकट वास आला, की मला दातिवऱ्यातलं आमचं अंगण आठवतं. पासष्ट-सहासष्ट साल असेल. मुंबईचे एक साहेब बॅटरीवरचा टेपरेकॉर्डर घेऊन माझे लग्नातले धवले भरून घ्यायला आले होते. मी धवलारीण, देवांना आणि गेलेल्या वाडवडिलांना गाण्यातून हाक मारून लग्नाला बोलावणं हे माझं काम. साहेब म्हणाले, आवाज जरा कोरडा येतोय, आणि त्यांनी मला रिकाम्या रांजणाच्या तोंडाशी बसवून गायला लावलं. मग टेप वाजवली. आवाज घुमून, गोड होऊन आला. बोंबील सुकत घालणाऱ्या बाया हातातलं काम टाकून ऐकायला आल्या. माझं मात्र डोकं फिरलं. "पुसा ते," मी म्हटलं. "अहो बाई, सुधारलाय आवाज!" "गेलेली मान्सं हा आवाज वलखतील काय? परक्या बाईच्या बोलावन्यावर कोन येतंय लग्नाला? पुसा, नायतर मी उठते." साहेबांनी पुसलं. मग मी उघड्या अंगणात गायले, कावळ्यांसकट आणि मधल्या खोकल्यासकट. परवा नातीनं फोनवर माझा धवला भरून घेतला आणि विचारलं, "आजी, आवाज जरा घुमवू?" मी म्हटलं, "घुमव की. पन मंग गानारीचं नाव दुसरं लिव."